डिझेल गाडीचा ब्रेक जड झाल्यास दोष कोठे शोधावा?

खेड्यांतून बाजारपेठेकडे जाणारा शेतमाल आज मोठ्या प्रमाणावर डिझेलवर चालणाऱ्या जीप, पिक-अप व तत्सम लहान मालगाड्यांतून जातो. नारायणगावचा टोमॅटो माळशेज घाटाने कल्याणकडे उतरतो, नाशिक जिल्ह्यातील भाजीपाला कसारा घाटाने मुंबईकडे येतो, आणि बेळगाव व कोल्हापूरकडील भाजी चोर्ला व आंबोली या घाटांतून गोव्यात पोचते. भाडे, हमाली, तोलाई यांचा हिशेब शेतकरी पैपैने मांडतो. परंतु ज्या ब्रेकच्या भरवशावर माल आणि माणूस दोन्ही सुखरूप खाली पोचावयाचे, त्याच्याविषयी 'पेडल दाबले की गाडी थांबते' यापलीकडे सहसा विचार केला जात नाही.

या उपेक्षेचा पहिला दृश्य परिणाम म्हणजे पेडल जड होणे. काल ज्या पेडलावर पाऊल नुसते टेकले तरी गाडी मंदावत होती, त्यावर आज उभे राहण्याइतका भार द्यावा लागतो, आणि तरीही गाडी दहा-वीस हात पुढे जाऊनच थांबते. अशी गाडी तालुक्याच्या गावी दुरुस्तीस नेली म्हणजे पुष्कळदा काय घडते? प्रथम चाके खोलून लायनर बदलले जातात. फरक पडला नाही तर ब्रेक ऑइल बदलून नळ्यांतील हवा काढली जाते. तरीही पेडल जडच राहिले म्हणजे बूस्टर गेल्याचा निर्णय होतो व नवा बूस्टर बसविण्यात येतो. यात पैसा बराच खर्ची पडतो, ऐन हंगामात गाडी चार दिवस उभी राहते, आणि अखेरीस एखादी चिरलेली रबरी नळी किंवा सैल पडलेला पट्टा हाती लागतो. शोधाचा हा क्रमच उलटा आहे. डिझेल गाडीचे पेडल जड झाले असता चाकांना हात लावण्यापूर्वी व्हॅक्यूमची परीक्षा झाली पाहिजे, आणि ती गाडीच्या मालकाने स्वतःच्या अंगणात, कोणतेही हत्यार न घेता करता येण्यासारखी आहे.

हे समजण्यासाठी डिझेल इंजिनाचा एक विशेष ध्यानी घ्यावयास हवा. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते. चालकाने पाय उचलला की ती मिटते. इंजिन मात्र हवा ओढीतच राहते, आणि त्यामुळे झडपेच्या आतील बाजूस आपोआप ओढ निर्माण होते. पेट्रोल गाडीचा ब्रेक बूस्टर हीच ओढ वापरतो. डिझेल इंजिनात वेग कमीजास्त होतो तो हवा रोखून नव्हे, तर डिझेलाचे प्रमाण कमीजास्त करून. हवेची वाट मोकळीच असते, म्हणून तेथे भरवशाची ओढ मिळत नाही. काही नव्या डिझेल इंजिनांत धुराच्या नियंत्रणासाठी हवेच्या वाटेवर झडप बसविलेली आढळते. पण तिचा हेतू वेगळा आहे. लहान डिझेल गाडीला ब्रेकसाठी सामान्यतः स्वतंत्र व्हॅक्यूम पंप द्यावा लागतो. आपल्याकडील अनेक जीप व पिक-अप गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या, म्हणजे बोलीभाषेतील डायनामोच्या, पाठीमागे त्याच दांड्यावर बसविलेला असतो. इतर गाड्यांत तो इंजिनाच्या कॅमशाफ्टवर फिरतो. पंपापासून निघालेली जाड नळी चालकाच्या पायापुढील पत्र्याच्या गोल डब्यापर्यंत जाते. हा डबा म्हणजेच बूस्टर.

बूस्टरच्या आत रबराचा एक मोठा पडदा असून त्याने डब्याचे दोन कप्पे केलेले असतात. पेडल मोकळे असताना दोन्ही कप्प्यांतील हवा पंपाने ओढून घेतलेली असते. पेडल दाबताच चालकाकडील कप्प्यात बाहेरची हवा शिरते, पुढील कप्पा मात्र रिताच राहतो, आणि वातावरणाचा दाब पडद्याला पुढे रेटतो. या रेट्याचे मोठेपण पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. नऊ इंच व्यासाच्या पडद्याचे क्षेत्र सुमारे ४१० चौरस सेंटिमीटर भरते. समुद्रसपाटीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर हवेचा सुमारे एक किलोचा भार असतो. पंपाने त्यातील तीन चतुर्थांश जरी दूर केला, तरी पडद्यावर ३०० किलोंहून अधिक जोर मिळतो. चालकाच्या पायाला मिळणारा हा मदतनीस अदृश्य आहे. तो निघून गेला म्हणजे सारा भार एकट्या पायावर येतो. ब्रेक त्या वेळी नाहीसा झालेला नसतो, पण तो लावण्यास लागणारे बळ कित्येक पटींनी वाढलेले असते. सडपातळ बांध्याचा किंवा वयस्क चालक असल्यास या दोहोंतील अंतर उतारावर फारसे उरत नाही.

विहिरीवर पंप चालविणाऱ्या शेतकऱ्याला यात अपरिचित असे काहीच नाही. पंपाच्या ओढनळीला बारीकसे भोक पडले की पंप धडधडत राहतो, पण पाणी चढत नाही. फूटव्हॉल्व्ह गळका असला की रात्रीत नळी रिकामी होते व सकाळी पुन्हा पाणी भरावे लागते. ओढीच्या बाजूस मऊ पाइप कोणी लावीत नाही, कारण तो आतल्या आत चपटा होतो. तेथे कडक, वळीदार पाइपच लागतो. गाडीच्या व्हॅक्यूम नळीत हे तिन्ही दोष जसेच्या तसे उद्भवतात. फूटव्हॉल्व्हचे काम येथे बूस्टरच्या तोंडाशी किंवा नळीत बसविलेला एकमार्गी व्हॉल्व्ह करतो. इंजिन बंद पडले तरी बूस्टरमधील ओढ तो धरून ठेवतो, व त्या शिलकीवर दोन-तीन वेळा ब्रेक हलका लागू शकतो.

परीक्षेस प्रारंभ करण्यापूर्वी पेडल जड आहे की मऊ, हे निश्चित करावे, कारण बोलताना 'ब्रेक लागत नाही' या एकाच शब्दप्रयोगात दोन अगदी भिन्न दोष झाकले जातात. पेडल स्पंजासारखे दबत असेल, खाली तळापर्यंत जात असेल, किंवा दोन-तीनदा दाबल्यावर वर येत असेल, तर दोष ब्रेक ऑइलच्या बाजूस आहे: नळ्यांत हवा, कोठेतरी गळती, अथवा मास्टर सिलिंडरची झिजलेली रबरे. अशा गाडीच्या व्हॅक्यूम पंपामागे लागण्यात अर्थ नाही, आणि ती दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर काढूही नये. पेडल उंच व घट्ट असून गाडी मात्र थांबत नसेल, तरच पुढील परीक्षा उपयोगी पडतात.

पहिली परीक्षा सर्वांत सोपी व सर्वांत बोलकी आहे. गाडी सपाट जागी उभी करून हँड ब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. इंजिन बंद असतानाच पेडल पाच-सहा वेळा दाबून बूस्टरमधील शिल्लक ओढ संपवून टाकावी. पेडल घट्ट झाले म्हणजे त्यावर बेताचा दाब देऊन पाय तसाच ठेवावा व इंजिन सुरू करावे. यंत्रणा ठीक असेल तर काही क्षणांत पेडल पायाखाली आपणहून थोडेसे खाली जाते. तसे झाले, तर व्हॅक्यूमची मदत पोचत आहे असे समजावे. मग मात्र काचेसारखे गुळगुळीत झालेले लायनर किंवा अडकलेले पिस्टन यांकडे वळणे योग्य ठरेल. पेडल जागचे हललेच नाही, तर एक तर ओढ बूस्टरपर्यंत पोचत नाही, किंवा बूस्टर तिचा उपयोग करू शकत नाही. पेडल हलले, परंतु इंजिनाचा वेग वाढविल्यावरच हलले, तर पंप अशक्त झाला आहे, पट्टा घसरतो आहे किंवा कोठेतरी लहानशी गळती आहे. घाट उतरताना इंजिनाची गती सतत बदलत असते, म्हणून हा तिसरा प्रकार पुढील दोहोंइतकाच गंभीर समजावा. 'कधी जड, कधी हलका' अशी तक्रार सामान्यतः येथूनच उगम पावते.

दुसरी परीक्षा ओढ टिकते की नाही याची. इंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करावे, पाच मिनिटे थांबावे, आणि मग पेडल सावकाश दाबून पाहावे. पहिले दोन-तीन दाब हलके व क्रमाने घट्ट होत गेले पाहिजेत. पहिलाच दाब दगडासारखा लागला, तर एकमार्गी व्हॉल्व्ह ओढ धरून ठेवीत नाही अथवा बूस्टर गळतो आहे. याच वेळी आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरावे, त्याच स्थितीत इंजिन बंद करावे व अर्धा मिनिट पाय न हलविता थांबावे. पेडल पायाला वर ढकलू लागले, तर बूस्टर किंवा व्हॉल्व्ह यांतून हवा आत शिरत आहे. पेडल दाबताना क्षणभर येणारा फुसकारा स्वाभाविक असतो, कारण बाहेरची हवा पडद्यामागे शिरतानाचाच तो आवाज आहे. पाय स्थिर असतानाही फुसफुस चालूच राहिली, तर पडदा फाटला असल्याचा किंवा आतील झडप बसत नसल्याचा संशय बळावतो. ही गोष्ट ऐकण्यासाठी काचा बंद करून रेडिओ व पंखा थांबवावा, हे सांगण्याची आवश्यकता भासू नये. तथापि गॅरेजच्या गजबजाटात हीच साधी गोष्ट राहून जाते.

वरील परीक्षांतून संशय व्हॅक्यूमकडे वळला, की नळी बूस्टरच्या तोंडाशी सोडवून चालू इंजिनावर तिच्या टोकाला अंगठा लावून पाहावा. हे करताना धोतर, उपरणे, साडीचा पदर किंवा सैल बाही पट्ट्याजवळ व पंख्याजवळ जाऊ देऊ नये, आणि मुलांना दूर ठेवावे. बूस्टरच्या टोकाला भक्कम ओढ लागली, तर पंप व नळी बहुधा निर्दोष आहेत. दोष एकमार्गी व्हॉल्व्हात वा बूस्टरमध्ये शोधावा. तेथे ओढ क्षीण असल्यास नळीचे पंपाकडील टोक सोडवावे. पंपापाशी ओढ भक्कम आणि बूस्टरपाशी क्षीण, म्हणजे मधली नळी दोषी. पंपापाशीच क्षीण, म्हणजे पंप, त्याचा पट्टा किंवा त्याचे वंगण. या चार वाक्यांत जो निर्णय होतो, तो अनेकदा हजारो रुपयांचे भाग बदलूनही होत नाही.

अंगठ्याची साक्ष मात्र अंतिम मानू नये, कारण झिजलेला पंपही अंगठ्याला बऱ्यापैकी ओढ दाखवितो. खरी मोजदाद व्हॅक्यूम मीटरने होते. हा मीटर पाऱ्याच्या इंचांत किंवा मिलिमीटरांत आकडा दाखवितो, आणि समुद्रसपाटीलगत चांगला डिझेल पंप साधारणतः २५ इंचांच्या आसपास किंवा त्याहून अधिक ओढ देतो; त्या-त्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडा हाच प्रमाण समजावा. येथे महाराष्ट्रातील कारागिरांनी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हवेचा दाब उंचीबरोबर घटतो, दर हजार फुटांस सुमारे एक इंच. महाबळेश्वर सुमारे ४,५०० फूट उंचीवर आहे. चिपळूण येथे २६ इंच दाखविणारा पंप महाबळेश्वरी २२ इंचांच्या आसपास दाखवील, आणि त्यात पंपाचा काही अपराध नाही. हा आकडा पाहून चांगला पंप मोडीत काढू नये. उलट, तेथील चालकाने हेही जाणावे की बूस्टरची मदत त्याच्या गावी मुळातच थोडी कमी असते; त्यात गळतीची भर पडली म्हणजे स्ट्रॉबेरीच्या पेट्या भरलेली गाडी आंबेनळी घाटात घालणे धाडसाचे ठरते.

पंपाच्या दोषांपैकी एक दोष गाडी स्वतःच सांगते, पण ऐकणारा पाहिजे. पंप अल्टरनेटरवर बसविलेला असेल व पट्टा तुटला किंवा फार सैल झाला, तर वीज तयार होणे आणि ओढ तयार होणे ही दोन्ही कामे एकदम थांबतात. म्हणून बॅटरीचा लाल दिवा चालताना पेटला की पुष्कळ चालक 'घरी जाऊन पाहू' म्हणतात, ते अशा गाडीत सर्वस्वी चुकीचे आहे. त्या दिव्याच्या मागोमाग पेडल जड होणार असते. दिवा पेटताच गाडी बाजूस घ्यावी व पट्टा पाहावा. पंप कॅमशाफ्टवर असलेल्या गाडीत हा इशारा मिळत नाही. तेथे पेडल हाच एक साक्षीदार.

पंपाच्या आत फिरत्या पात्या असतात, व त्या इंजिन ऑइलनेच भिजत राहतात. ऑइल केवळ झीज रोखण्यासाठी नसते. पातीच्या कडेची फट तेच बुजविते. ऑइलची बारीक नळी चिखलटलेल्या काळ्या ऑइलने तुंबली, की पंप कोरडा फिरतो, पात्या झिजतात व ओढ उतरते. इंजिन ऑइल वेळेवर न बदलणाऱ्या मालकाला ब्रेकचा आणि आपल्या कंजुषीचा काही संबंध असेल असे स्वप्नातही वाटत नाही. परंतु तो आहे. अल्टरनेटरच्या पाठीमागे ऑइलचा ओला डाग दिसू लागणे हीही सूचनाच होय. ते ऑइल अल्टरनेटरमध्ये शिरून त्याचाही नाश करते.

नळीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण ग्रामीण भागात दोष येथे वारंवार राहतो आणि येथेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. धान्याच्या कोठाराशेजारी किंवा गोठ्यालगत उभ्या केलेल्या गाडीच्या बोनेटखाली उंदीर शिरतात व रबर कुरतडतात. इंजिन धुताना रॉकेल किंवा डिझेल फवारण्याची सवय काही ठिकाणी आहे. त्याने रबर फुगते, मऊ पडते व काही काळाने आतल्या आत मिटू लागते. अशी नळी वरून धडधाकट दिसते. इंजिन चालू असताना बोटांनी चाचपली तरच चपटी झालेली जागा सापडते. फुटलेल्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळणे किंवा पाण्याची साधी नळी जोडणे, हे वाटेत अडकलेल्या माणसाच्या कल्पकतेचे लक्षण असले तरी ती दुरुस्ती नव्हे. व्हॅक्यूमसाठी बनविलेली जाड भिंतीची नळीच बसविली पाहिजे. तिची किंमत नव्या बूस्टरच्या पासंगालाही पुरत नाही. मुख्य नळीला काही गाड्यांत बारीक फाटेही असतात. टर्बोचे नियंत्रण, धूर कमी करणारा व्हॉल्व्ह किंवा पुढील चाकांची जोडणी यांना त्यांतून ओढ जाते. त्यांपैकी कोठेही गळती झाली तरी ब्रेक जड होतो. एकेक फाटा तात्पुरता बंद करून पाहिला, की कोणता फाटा चोर आहे ते उघडे पडते. एकमार्गी व्हॉल्व्ह उलटा बसविल्यानेही ओढ बूस्टरपर्यंत पोचत नाही. इंजिनाचे काम करून आणल्यावर लगेच पेडल जड झाले असेल, तर या शक्यतेचा विचार प्रथम करावा.

एक दोष मात्र लपून राहतो. ब्रेक ऑइलची पातळी दर आठवड्यास उतरते, पण चाकांपाशी किंवा जमिनीवर थेंबही दिसत नाही. अशा वेळी मास्टर सिलिंडरच्या मागील रबरातून ऑइल बूस्टरमध्ये झिरपत असण्याचा संभव असतो. पडद्याचे रबर त्याने खराब होतेच, शिवाय ते ऑइल नळीवाटे पंपाकडे ओढले जाऊ शकते. नळी सोडविताना तिच्या तोंडाशी ओलावा दिसला, तर केवळ बूस्टर बदलून भागणार नाही. मास्टर सिलिंडर बदलला नाही, तर नवा बूस्टरही त्याच वाटेने जाईल.

येथवर यंत्राच्या दोषांचा विचार झाला. परंतु व्हॅक्यूम नाहीसा होण्याचे एक कारण यंत्रात नसून माणसाच्या समजुतीत आहे, आणि त्याचे निदान कोणत्याही मीटरने होत नाही. डिझेल वाचविण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करावयाचे व गाडी उताराच्या जोरावर सोडून द्यावयाची, ही चाल अद्यापही अनेक चालकांत दिसते. तिला हुशारी मानले जाते. वस्तुतः इंजिन थांबले की पंप थांबतो. बूस्टरमधील शिलकीवर दोन-तीन वेळा ब्रेक हलका लागतो, आणि त्यानंतर, नेमक्या खालच्या वळणावर, पेडल एकाएकी घट्ट होते. इंजिनावर चालणारे पॉवर स्टिअरिंग असल्यास तेही जड होते, आणि चावी काढली तर चक्र कुलूपबंद होण्याचे भय असते. त्यातच इंजिनाचा आवर नाहीसा झाल्याने गाडी वेग घेते. चाळीस किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी साठच्या वेगाने धावू लागली, तर ब्रेकला जिरवावी लागणारी शक्ती दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते.

आणि हा सारा धोका पत्करून वाचते किती? गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर उतारावर चाकेच इंजिन फिरवितात आणि त्या अवस्थेत इंजिनाला होणारा डिझेलचा पुरवठा जवळजवळ थांबतो. म्हणजे जी बचत करण्यासाठी चालक इंजिन बंद करतो, ती गिअर न काढताही बव्हंशी होतच असते. वर इंजिन वेगाने फिरत असल्याने पंप जोमाने ओढ देतो, अर्थात ज्या क्षणी ब्रेकला सर्वाधिक मदत हवी त्याच क्षणी ती विपुल मिळते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवणारा चालकही फसतोच. ब्रेकची मदत त्याला मिळते, पण इंजिन फिरत ठेवण्यापुरते डिझेल जळत राहते आणि आवर मुळीच राहत नाही. ही गोष्ट समजावून सांगण्यास दहा मिनिटे पुरतात. ती गावोगाव सांगितली जात नाही, याचा दोष एकट्या चालकाच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही.

वाटेतच मदत गेली तर काय करावे, यासंबंधीही चुकीची कल्पना रूढ आहे. पेडल वारंवार दाबून सोडणे हा मऊ पेडलावरचा उपाय होय; जड पेडलावर तो अपायकारक ठरतो, कारण प्रत्येक दाबाबरोबर बूस्टरमधील शिल्लक ओढ संपत जाते. अशा वेळी पेडल एकदाच, सर्व बळानिशी, प्रसंगी दोन्ही पायांनी दाबून धरावे. इंजिन चालू असेल तर ते बंद करू नये. गिअर एकेक करून खाली आणावा, हँड ब्रेक झटक्याने न ओढता क्रमाने ओढावा, आणि गाडी डोंगराच्या बाजूस घ्यावी. बहुतेक अवजड ट्रकांचे ब्रेक दाबाच्या हवेवर चालतात व ट्रॅक्टरच्या ब्रेकची रचनाही निराळी असते. त्यांना हे विवेचन तंतोतंत लागू नाही.

ब्रेकची परीक्षा हा शेतीखात्याचा विषय नव्हे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. फवारणी यंत्राची तोटी तपासावयास शिकविणे हा जर विस्तारकार्याचा भाग असेल, तर तोच माल व तोच शेतकरी ज्या गाडीतून बाजारास जातो तिचे पेडल तपासावयास शिकविणे हा त्याचाच पुढचा भाग आहे. वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र त्या-त्या दिवशीची स्थिती सांगते. उंदीर दुसऱ्या दिवशी येतो. गावपातळीवरील कार्यकर्त्याने हंगाम सुरू होण्यापूर्वी, एखाद्या सभेस जमलेल्या दोन-चार गाड्यांवर, पहिली परीक्षा सर्वांसमक्ष करून दाखवावी. ती व्याख्यानाने पटत नाही. पायाखाली पेडल उतरलेले एकदा अनुभवले की विसरत नाही. शेतकरी उत्पादक कंपन्या व दूध संस्था यांनी आपल्या गाड्यांच्या नोंदवहीत डिझेल व किलोमीटर यांच्या रकान्यांशेजारी पेडलाच्या परीक्षेचा एक रकाना वाढवावा, आणि एखादा व्हॅक्यूम मीटर सर्वांसाठी मिळून विकत घ्यावा. तो एका कुटुंबाने घ्यावा इतका त्याचा वापर होत नाही, पण संस्थेने न घ्यावा इतका तो महागही नाही.

बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून आणण्याचा प्रसंग हंगामात हटकून येतो. अशा गाडीचे इंजिन बंद असल्याने तिच्या ब्रेकला व्हॅक्यूमची मदत मुळीच नसते, हे तिच्या चक्रावर बसणाऱ्याला आधी सांगावे व निघण्यापूर्वी जड पेडल एकदा दाबून पाहावयास लावावे. दोराने बांधलेली गाडी उतारावर पुढील गाडीवर आदळते. तेथे लोखंडी दांडा वापरावा, माल आधी उतरवून घ्यावा, आणि घाट मध्ये येत असेल तर गाडी ओढून न नेता कारागिरालाच गाडीपाशी बोलवावे.